फॉरमॅट मारणाऱ्यांनो, आधी रीत दाखवा!



आज जरा रागावून लिहिते आहे, सांभाळून घ्या. राग कुणा एका माणसावर नाही, एका वाक्यावर आहे. "फॉरमॅट मारावा लागेल." संगणक चालता चालता आपोआप बंद होतो आणि पुन्हा सुरू होतो, ही तक्रार घेऊन कुणाकडंही जा, हेच वाक्य कानावर येतं. यंत्राकडं धड बघितलेलंही नसतं. पेशंट दारात चप्पल काढतोय तोवर डॉक्टरांनी आतून 'पोट कापावं लागेल' म्हणून ओरडावं, तसला हा प्रकार. आणि आपण शहाणीसुरती माणसं मान डोलावतो!

माझं म्हणणं असं, की आपोआप रीस्टार्ट होणं हे तापासारखं आहे. ताप मलेरियाचा असतो, टायफॉइडचा असतो, उन्हाचाही असतो. इथंही वीज असेल, आतली उष्णता असेल, मेमरी असेल, एखादा ड्रायव्हर असेल, किंवा विंडोजचं अपडेट असेल. फॉरमॅट हे यातल्या फार तर एकावरचं औषध, तेही शेवटचं. बाकीच्यांच्या बाबतीत आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. वर त्या बंबाच्या पाण्यानं दोन गोष्टी वाहून जातात त्या कायमच्या. एक म्हणजे रोगाचा पुरावा. दुसरी म्हणजे तुमचं काम.

हे दुसरं नुकसान केवढं असतं ते ऐका. आमच्या पंचक्रोशीतल्या एका भजनी मंडळानं आपल्या म्हाताऱ्या बुवांचे अभंग घरच्या घरी रेकॉर्ड करायला घेतले होते. एक माइक, ऑडिओ इंटरफेसची छोटी पेटी, संगणक आणि त्यात ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, एवढाच संसार. रेकॉर्डिंग चालू असताना तो संगणक दोन-तीनदा आपोआप रीस्टार्ट झाला. दुरुस्तीवाल्यानं नेला, फॉरमॅट मारला, दुसऱ्या दिवशी आणून दिला. "डी ड्राइव्हला हात लावलेला नाही, तुमचा डेटा सेफ आहे," असंही सांगितलं. खोटं बोलला नाही बिचारा. पण आपण प्रोजेक्ट सेव्ह करत नाही तोवर ऑडॅसिटी आवाज साठवतं ते एका तात्पुरत्या फाइलीत, आणि ती असते सी ड्राइव्हच्या पोटात, वापरणाऱ्याच्या नावाच्या फोल्डरमधल्या एका लपवलेल्या कप्प्यात. संगणक मध्येच मेला तरी ती तिथंच राहते. पुढच्या वेळी ऑडॅसिटी उघडलं की ते स्वतःहून विचारतं, अर्धवट राहिलेलं काम परत आणू का म्हणून. तो प्रश्न विचारला जाण्याआधीच फॉरमॅट झाला. बुवा पुढच्या चैत्रात गेले. चौदा अभंग होते त्यात.

(दुसरं एखादं सॉफ्टवेअर थेट वेव्ह फाइल लिहीत असेल तर काय होतं, तेही सांगून टाकते. फाइलीच्या सुरुवातीला आवाजाची लांबी लिहायची असते, ती शेवटी, फाइल बंद होताना पक्की होते. वीज मध्येच गेली की लांबी लिहायची राहते, मग फाइल उघडत नाही आणि सगळे म्हणतात 'करप्ट झाली'. आतला आवाज बहुतेक वेळा असतो. ऑडॅसिटीमध्ये ती 'रॉ डेटा' म्हणून आयात करा, बहुतेक वेळा हाती लागते. तेव्हा कुणी करप्ट म्हटलं म्हणून लगेच पुसू नका.)

आता माझं या सगळ्याशी काय देणंघेणं, ते नव्या वाचकांसाठी. नातेवाइकांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, त्यांनी तो दहादा ऐकलाय. लवळ्यात आमच्या घराच्या मागच्या अंगाला पूर्वी धान्याच्या कणग्या असायच्या त्या खोलीत मी गेली काही वर्षं रेकॉर्डिंग करते. भिंतींना गोधड्या टांगल्यात, खिडकीला दुहेरी सतरंजी. एका कोपऱ्यात संगणक, दुसऱ्या कोपऱ्यात जातं. आणि जात्यावर आमच्या थोरल्या जाऊबाई, वय वर्षं ८८. आपल्याला किती ओव्या येतात हे त्यांना ठाऊक नाही. माझ्या वहीतला आकडा सहाशेच्या पुढं गेलाय आणि अजून विहिरीचा तळ लागलेला नाही.

ओवी आणि मुळशी तालुका यांचं नातं मोठं आहे. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकात पुण्याहून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली, त्यांचं कितीतरी काम मुळशी-मावळातल्या गावांतलं आहे. हजाराहून अधिक गावं आणि एक लाखाहून अधिक ओव्या! २०१७ पासून त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर येऊ लागल्या, त्यातल्या अनेक प्रत्यक्ष त्या बायांच्या आवाजात ऐकता येतात. ज्यांनी ऐकल्या नाहीत त्यांनी हा लेख इथंच सोडून आधी त्या ऐकाव्यात. तो समुद्र झाला, मी एका घरातली घागर भरते आहे.

तर जाऊबाईंना ओवी येते ती पहाटे. दळण पहाटेचंच असायचं ना! दुपारी बसवलं तर "दुपारी कुठं दळत्यात का गं?" म्हणून मलाच वेड्यात काढतात. शिवाय ओवी जशी एकदा येते तशी पुन्हा येत नाही. दुसऱ्यांदा म्हणताना एखादं नाव बदललेलं असतं, भावाच्या जागी बाप आलेला असतो, एखादा शब्द गळलेला असतो. आणि आमच्या संगणकानं मरायला मुहूर्त धरला होता तो नेमका पहाटे सहा ते साडेसातचा.

बघायला आला तो माझाच विद्यार्थी, सातवी ब मधला. चांगला पोरगा आहे, अजून वाकून नमस्कार करतो. खोलीत आला, स्क्रीनकडं एक नजर टाकली आणि म्हणाला, "बाई, व्हायरस असणार. फॉरमॅट मारावा लागेल."

मी म्हटलं, "अरे, रीत न लिहिता नुसतं उत्तर लिहिलंस तर गणिताच्या सरांनी मार्क दिले असते का?"

"नाही बाई."

"मग रीत दाखव."

रीत त्याच्याकडं नव्हती. त्याला ती कुणी शिकवलीच नव्हती. पण ती असते, आणि ती इतकी साधी आहे की मराठी माध्यमातून बी. ए. झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या बाईला जमते. तुम्हालाही जमेल.

पहिली गोष्ट म्हणजे संगणक स्वतः डायरी लिहितो. विंडोजमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' म्हणून एक भाग आहे, सर्चमध्ये नाव टाकलं की सापडतो. त्यातल्या 'सिस्टम' या विभागात प्रत्येक घटनेला क्रमांक असतो. संगणक कुणाच्या तरी सांगण्यावरून रीस्टार्ट झाला असेल तर तिथं १०७४ असतो आणि कुणी सांगितलं तेही लिहिलेलं असतं, मग ते अपडेट असो, एखादं सॉफ्टवेअर असो की घरातला नातू. सांगितल्याशिवाय गेला असेल तर पुढच्या वेळी सुरू होताना ६००८ ची नोंद होते, आधीचं बंद होणं अनपेक्षित होतं म्हणून. आणि सगळ्यात बदनाम नोंद ती ४१ ची, 'केर्नेल-पॉवर' नावाची. तिचा अर्थ एवढाच, की यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा उठलं. ती उघडून तपशिलात 'बगचेक कोड' बघायचा. तिथं शून्याखेरीज दुसरा आकडा असेल तर विंडोजला आतून काहीतरी झालंय, म्हणजे ड्रायव्हर, मेमरी वगैरेंकडं बघा. शून्य असेल तर विंडोजला मरताना एक शब्दही लिहायला वेळ मिळालेला नाही. माणूस चालता चालता कोसळला आणि चिठ्ठी लिहायलाही सापडला नाही, तसं. अशा वेळी संशय बहुतेक वीजपुरवठ्यावर किंवा यंत्राच्या अंगावर घ्यायचा असतो.

आता सांगा, फॉरमॅट मारल्यावर ही डायरी कुठं राहते? घरात चोरी झाल्यावर फौजदारानं पहिल्यांदा झाडलोट करून फरशी पुसून घ्यावी, तसंच ना हे?

दुसरी गोष्ट एका टिचकीची. विंडोज बिघडलं की निळा पडदा येतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण तो हल्ली बघायला मिळत नाही, कारण 'बिघाड झाल्यास आपोआप रीस्टार्ट करा' ही खूण मुळातच केलेली असते. सिस्टम प्रॉपर्टीज, त्यात अॅडव्हान्स्ड, त्यात स्टार्टअप अँड रिकव्हरी. तिथली ती खूण काढून टाका. मग खरोखर विंडोजचा बिघाड असेल तर पडदा येऊन थांबेल आणि त्यावरचा संदेश वहीत उतरवून घेता येईल. खूण काढूनही संगणक काही न दाखवता थेट काळोखात जात असेल, तर बिघाड विंडोजच्या खालच्या मजल्यावर आहे.

तिसरी गोष्ट वही. शंभर पानी, आखीव. तारीख, वेळ, काय चालू होतं, घरात आणि शेजारी कुठली मोटार चालू झाली, इव्हेंट व्ह्यूअरमधला क्रमांक. मी सहा आठवडे ही वही ठेवली. २७ नोंदी झाल्या. त्यातल्या तीन दुपारच्या, तिन्हींना १०७४, म्हणजे अपडेट. तो रोगच नव्हे. रेकॉर्डिंगच्या दिवसांत अपडेट काही काळ थांबवून ठेवलं, प्रश्न मिटला. दोन नोंदींना बगचेक कोड होता. अशा वेळी विंडोज 'मिनिडंप' नावाची छोटी फाइल ठेवतं, ती वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरं फुकट मिळतात. त्यात ऑडिओ इंटरफेसच्या ड्रायव्हरचं नाव निघालं. नवा ड्रायव्हर घातला, पुन्हा ती नोंद नाही. उरल्या २२. सगळ्या पहाटे सहा ते साडेसात किंवा संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ. सगळ्यांना ४१, कोड शून्य, मिनिडंप नाही.

व्हायरसला घड्याळ कळतं का हो?

धूळ झाडून घेतली, तापमान बघितलं, ते ठीक होतं. मेमरीची तपासणी रात्रभर चालू ठेवली, एकही चूक नाही. या पायऱ्या गाळू नयेत, पण त्यांच्याबद्दल जास्त लिहिण्यासारखंही काही नाही. खरा ऐवज पुढं आहे.

घरातल्या सगळ्यांचं म्हणणं होतं, "पण लाइट तर गेलीच नव्हती!" हे वाक्य फॉरमॅटच्या वाक्याइतकंच घातक आहे. लाइट गेली की नाही हे आपण दिव्याकडं बघून ठरवतो, आणि दिवा हा फार भाबडा साक्षीदार आहे. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. संगणकाच्या एसएमपीएसनं वीज खंडित झाल्यावर पूर्ण भारावर किती वेळ तग धरावा, तर अपेक्षा असते सोळा-सतरा मिलिसेकंदांची. एका आवर्तनापेक्षाही कमी! तेवढ्या वेळात आपला डोळा मिटत नाही की दिवा विझत नाही. पण एसएमपीएस मदरबोर्डला 'वीज ठीक आहे' असा एक संकेत सतत देत असतो. तो क्षणभर तुटला की मदरबोर्ड सगळं सोडून पहिल्यापासून सुरुवात करतो. हेच ते आपोआप रीस्टार्ट.

आणि तो सोळा-सतराचा आकडा चांगल्या मालाचा आणि पुरेशा दाबाचा. तपकीर गल्लीतून मी सॉकेटमध्ये खोचायचं एक साधं डिजिटल व्होल्टमीटर मागवलं होतं. रात्री अकराला २३८. पहाटे सव्वासहाला १८७. शेजारची पाण्याची मोटार चालू झाली त्या क्षणी १७१. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट विजेचा घोट घेते, आणि पहाटे गावात एक मोटार नसते. आमच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या सरांना फोन लावला. त्यांनी सांगितलं, एसएमपीएसमधल्या कपॅसिटरमध्ये साठणारी ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे २३० च्या जागी १७१ आलं की साठा जवळजवळ निम्मा. सर म्हणाले, "बाई, तुमचा संगणक उपाशीपोटी पळतोय, ठेच लागली की पडणारच."

मग इन्व्हर्टर कशाला आहे, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच विचारलं. उठा आणि आपापल्या इन्व्हर्टरची मागची बाजू बघा. बऱ्याच इन्व्हर्टरना एक छोटी कळ असते. एकीकडं यूपीएस, दुसरीकडं नॉर्मल, इको किंवा वाइड असं काहीबाही. यूपीएसवर असेल तर व्होल्टेज साधारण १८० च्या खाली घसरलं की तो लगेच बॅटरीवर जातो, दहाएक मिलिसेकंदांत. दुसऱ्या बाजूला असेल तर तो पार शंभर-सव्वाशेपर्यंत लाइनवरच राहतो आणि बदलायलाही जास्त वेळ घेतो. पंख्याला, दिव्याला त्याचं काही वाटत नाही. बसवणारा माणूस कळ त्या दुसऱ्या बाजूला ठेवून जातो, कारण तशानं बॅटरी कमी वेळा वापरली जाते आणि तक्रारी येत नाहीत. आमच्याकडंही तसंच ठेवलं होतं. म्हणजे संगणकाच्या आधी इन्व्हर्टर होता, पण तो १७१ व्होल्ट बघत स्वस्थ बसला होता!

कळ फिरवली. दुसरं काहीही बदललं नाही, हे महत्त्वाचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशानं गुण आला ते कळत नाही. दोन आठवड्यांत फक्त दोन रीस्टार्ट. मग एसएमपीएस बदलला. जुना कॅबिनेटबरोबर फुकट आलेला होता. हातात घेतला तर वाटाण्याच्या शेंगेइतका हलका, आणि वर छापलेलं ४५० वॅट. आपल्याकडं माणसं माइकवर आठ-दहा हजार घालतात, इंटरफेसवर तितकेच, आणि ज्याच्यावर सगळा डोलारा उभा तो एसएमपीएस फुकटातला. बाराबंदी जरीची आणि पाय अनवाणी. नवा बसवल्यापासून चार महिने झाले, वहीचं पान कोरं आहे.

यूपीएसच्या बाबतीत एक इशारा. स्वस्तातले इन्व्हर्टर बॅटरीवर गेले की चौकोनी लाटेची वीज देतात, त्यानं रेकॉर्डिंगमध्ये घूंऽऽ असा आवाज शिरतो, आणि काही चांगले एसएमपीएसही त्या विजेवर कुरकुरतात. रेकॉर्डिंगसाठी घेणार असाल तर साइन वेव्हचा घ्या. आणि कॅबिनेटला किंवा माइकच्या दांड्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घरातलं अर्थिंग तपासा. आपल्याकडं तीन पिनांचा प्लग दोन भोकांत बसत नाही म्हणून तिसरी पिन पकडीनं मोडून टाकणारे महाभाग घरोघरी आहेत. ती पिन म्हणजे शोभा नव्हे. अर्थिंग नसलं की एसएमपीएसच्या आतल्या गाळणीतून कॅबिनेटवर वीज झिरपत राहते, आणि तीच गुणगुण होऊन माइकमध्ये ऐकू येते.

आता थोडं कडू. १८७ आणि १७१ हे आकडे घेऊन मी वीज कंपनीच्या कचेरीत गेले, तेव्हा तिथल्या साहेबांनी हसून सांगितलं, "मॅडम, गावाकडं असंच असतं." का असतं? १९५६ च्या भारतीय वीज नियमांतही लिहिलेलं होतं की घरगुती दाबाच्या पुरवठ्यात सहा टक्क्यांहून जास्त फरक नसावा. म्हणजे २३० चे फार तर २१६, त्याच्या खाली नाही. ते नियम करणाऱ्यांनी त्यात 'गावं सोडून' असं लिहिलं नव्हतं.

आणि हे ऐकवलं कुठं, तर मुळशी तालुक्यात! १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला तो टाटांच्या मुळशी धरणाविरुद्ध. धरण कशासाठी, तर मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज हवी म्हणून. धरण झालंच. पाणी घाटाखाली भिऱ्याला सोडलं, तिथलं वीजकेंद्र १९२७ साली सुरू झालं. भाताची खाचरं, देवळं, घरं पाण्याखाली गेली, माणसं उठली. लवळं त्या बुडिताच्या बाहेर, पार पूर्वेला, पण तालुका एकच. ज्या मातीनं शंभर वर्षांपूर्वी मुंबईला उजेड दिला तिला 'असंच असतं' म्हणून सांगायचं? तेही आता, जेव्हा सिम्बायोसिस आणि फ्लेम ही विद्यापीठं आमच्या शिवारात उभी आहेत, सूस आणि नांद्याकडून इमारती रोज एक पाऊल पुढं सरकताहेत, आणि आमच्या गल्लीच्या डीपीवर दर वर्षी नवी कनेक्शनं चढताहेत? गावात राहणाऱ्याच्या यंत्राला अडाणीपणाचा रोग होतो आणि शहरातल्याच्या यंत्राला विजेचा, असं काही आहे का?

असो. तोंडी बोलणं वाऱ्यावर जातं हे मास्तरकीत शिकलेले आहे. वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडून लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. पंधरा दिवसांनी वायरमन आला, खांबावर चढला आणि न्यूट्रलचा सैल झालेला जोड आवळून गेला. (सैल न्यूट्रल हे हसण्यावारी न्यायचं काम नाही. तो पूर्ण तुटला तर एखाद्या घरात ४०० च्या जवळपास व्होल्टेज येऊ शकतं. मग संगणकच काय, फ्रिज, टीव्ही, सगळ्याची एकाच वेळी होळी.) त्यानंतर पहाटेचं व्होल्टेज १८७ वरून २०४ वर आलं. हे फॉरमॅटनं आलं असतं का?

माझ्या विद्यार्थ्यावर अन्याय नको, म्हणून त्याची बाजूही सांगते, कारण ती त्यानं मला चहा पिताना सांगितली. फॉरमॅटचे पाचशे रुपये ठरलेले. तासाभराचं काम, गिऱ्हाईक कुरकुरत नाही. पण दोन तास बसून नोंदी वाचल्या, व्होल्टेज मोजलं आणि 'तुमच्या इन्व्हर्टरची कळ फिरवा' एवढंच सांगितलं, तर लोक म्हणतात, केलंस काय की पैसे मागतोस? यात खोटं काही नाही. आपण हाताच्या मेहनतीचे पैसे देतो, डोक्याच्या मेहनतीचे देताना आपला हात खिशात अडकतो. तेव्हा दुरुस्तीवाल्याला पहिल्यांदाच सांगा, तपासणीचे वेगळे पैसे देईन, कारण लिहून दे. मी त्याला फॉरमॅटच्या दुप्पट दिले, आणि त्यानं इव्हेंट व्ह्यूअर कसा वाचायचा ते माझ्या शेजारी बसून उतरवून घेतलं. हल्ली म्हणे आलेल्या प्रत्येक संगणकाचा आधी १०७४ आणि ४१ बघतो. पण बाजारात अजून जुनाच मंत्र चालू आहे. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार थांबला, तेव्हापासून एक नवा मंत्र मिळालाय, 'अकरा टाका'. आधार थांबला म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबलं, तो प्रश्न गंभीर आहे आणि वेगळा आहे. त्यानं पहाटे सव्वासहाला संगणक बंद पडत नाही.

परदेशातल्या भाच्याचा निरोप होता, "मामी, मी लॅपटॉप पाठवतो, त्याला बॅटरी असते." बरोबर आहे त्याचं. लॅपटॉपला हा त्रास होणार नाही, ज्यांच्याकडं आहे त्यांनी जरूर त्यावर रेकॉर्डिंग करावं. पण शेजारच्या मोटारीचं वाइंडिंग १७१ व्होल्टवर जळतं, त्याला कुठला भाचा लॅपटॉप पाठवणार? आणि धाकटीचं म्हणणं, "आई, मोबाइलवर करा ना, एवढा खटाटोप कशाला?" मोबाइलवर आठवण राहते, नाही म्हणत नाही. पण मोबाइल बोलण्यासाठी केलेला असतो, आजूबाजूचा आवाज तो खरवडून काढतो. जात्याची घरघर त्याला कचरा वाटते. जाऊबाईंचा सूर त्या घरघरीवर बसलेला असतो, ती काढली की ओवी पोरकी होते. मला दोन्ही हवंय, सूरही आणि दगडही.

वीज कंपनीकडं दुसरा अर्ज परवा दिलाय, २०४ चे किमान २१६ करा म्हणून, सोबत नवे आकडे. पोच क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर चिकटवला आहे. जाऊबाईंच्या माहेरच्या ओव्या अजून राहिल्यात, त्या सोमवारपासून घेणार. सोमवारी गव्हाचं दळण नको, ज्वारीचं ठेव, असा त्यांचा निरोप आलाय, गव्हाला जातं जड जातं म्हणे.